निरोगी माणसाचं रक्त

प्रिंटर बिघडला होता म्हणून मी ती प्लेट हातात घेतली. नाहीतर घेतली नसती. आलेल्या कागदावर सही ठोकून मोकळी झाले असते, जशी आधीचे दोन आठवडे होत होते.

प्लेट म्हणजे आमच्या एलायझा टेस्टची प्लॅस्टिकची ताटली. तळहातापेक्षा जरा मोठी, शहाण्णव बारीक खळग्यांची. एकेका खळग्यात एकेका माणसाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम घालायचं. मग तीन-चार तास औषधं घालायची, धुवायचं, पुन्हा घालायचं. त्या रक्तात आपण शोधतोय ती अँटिबॉडी असेल तर खळगा पिवळा होतो. नसेल तर पाण्यासारखा राहतो. अँटिबॉडी म्हणजे विषाणू शरीरात येऊन गेल्याची खूण. घरात चोरी झाली की माणूस दाराला नवं कुलूप लावतो. चोर केव्हाच निघून जातो, कुलूप तेवढं राहतं. तसंच.

मी प्लेट खिडकीशी धरली. चेन्नईत पेरुंगुडीला आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमागे आमची दुमजली लॅब होती, समोरच्या काचेवरून दुपारचं ऊन आत यायचं. त्या उजेडात सगळी प्लेट पिवळी दिसली. सगळी. आणि शेजारी स्क्रीनवर मशीनने एकाखाली एक लिहिलं होतं: निगेटिव्ह, निगेटिव्ह, निगेटिव्ह.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सांगलीची आहे, मायक्रोबायॉलॉजी शिकले, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे चेन्नईत आले आणि वेलचेरीत बारा वर्षं संसार केला. पण डोळ्यांना दिसतंय ते नाहीच, असं यंत्र शांतपणे सांगत असलं की कसं वाटतं, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

"कल्याणी," मी आमच्या ज्युनिअरला हाक मारली, "आधीच्या प्लेटही अशाच होत्या?"

"येस मॅडम. थोड्या यलो होत्या. पण रीडिंग निगेटिव्ह आलं, सो..."

सो मी सह्या केल्या होत्या. तिला काय बोलणार?

आता काम काय होतं ते सांगते. एका डोंगराच्या पायथ्याच्या गावातून धडधाकट माणसांचं रक्त आमच्याकडे आलं होतं. गोचिडीच्या चाव्यातून माणसात येणारा एक विषाणू आहे. जोराचा ताप, काहींना नाकातोंडातून रक्त, काही दगावतात. तो त्या डोंगराच्या बाजूला कधी पोचला होता का, एवढंच बघायचं होतं. विषाणूचं आणि गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव छापून आलं की तिथल्या मुलींची लग्नं अडतात, दूध कोणी घेत नाही. रक्ताबरोबर प्रत्येकाचा फॉर्म होता. 'पूर्वी कधी मोठा ताप आला होता का? घरात कोणाला?' या प्रश्नापुढे प्रत्येक फॉर्मवर 'नाही' होतं. एकाही घरात, कोणालाही, कधीही ताप नाही. ते वाचून मला तेव्हाच खटकायला हवं होतं. ताप न येणारं गाव कुठे असतं का?

रिपोर्ट तयार होता. 'या गावात सदर विषाणूचा मागमूस आढळला नाही.' तो संध्याकाळी आरोग्य खात्याकडे जाणार होता. गेला असता तर त्या गावाची फाइल बंद झाली असती.

मी राव सरांच्या केबिनमध्ये गेले. राव सर आमचे डायरेक्टर. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. त्यांचं मराठी ऐकून मला पहिलं वर्षभर हसू आवरायचं नाही, नंतर सवय झाली.

"सर, रिपोर्ट थांबवा."

"काय झालें बाई? सेरी, बसा आधी. पाणी प्या, अप्पुरम बोलूं." सेरी म्हणजे बरं आणि अप्पुरम म्हणजे मग, नंतर. सरांच्या बोलण्यात ते मिठासारखं असायचं.

"बसायला वेळ नाही. प्लेट पिवळी आहे आणि मशीन निगेटिव्ह म्हणतंय."

"मशीन कशाला लबाडी करील?"

"मशीन नाही करत. आपण त्याला काय दाखवलं ते बघायला हवं."

मशीनला पिवळा कळत नाही. त्याला आधी दाखवावं लागतं, की बाबा रे, 'काही नाही' म्हणजे एवढा रंग. त्यापेक्षा बराच गडद असेल तर आहे म्हण. हे दाखवण्यासाठी ज्याला तो आजार कधी झालेला नाही अशा निरोगी माणसाचं सीरम लागतं. त्याला म्हणतात निगेटिव्ह कंट्रोल. ते बाहेरून यायचं. त्या वेळी संपलं होतं आणि नवं यायला महिना लागणार होता. मग सगळ्या लॅब करतात तेच आम्ही केलं. लॅबमधल्या पाच धडधाकट माणसांचं रक्त काढलं, सीरम एकत्र केलं आणि बाटलीवर लेबल लावलं. पाच जण म्हणजे मी, राव सर, कल्याणी, ड्रायव्हर अँथनी आणि काचसामान धुणारी सेल्वी. कंट्रोल स्वतःच किती पिवळा झाला तर टेस्ट रद्द समजायची, ही मर्यादा मी ठरवून लिहून ठेवायला हवी होती. ठेवली नव्हती. चूक शंभर टक्के माझी.

फ्रीझरच्या तळाशी जुन्या कंट्रोलचे शेवटचे चार थेंब सापडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः प्लेट लावली. पहिल्या खळग्यात नुसतं पाणी. दुसऱ्यात जुना कंट्रोल. मग आम्ही पाच जण, एकेकटे.

आमच्या लॅबमध्ये जिवंत विषाणू येतच नाही. टेस्टला लागतो तो मारलेला, तुकडे केलेला. दुसऱ्यांची रक्तं आयुष्यभर तपासली, तरी खळग्यावर स्वतःचं नाव लिहून मी ते दोनदा वाचलं. कल्याणी देवाचं काहीतरी पुटपुटत होती. मी तिला दटावलं नाही.

शेवटचं औषध घातलं की रंग यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पाणी स्वच्छ. जुना कंट्रोल स्वच्छ. मी स्वच्छ. सर, कल्याणी, अँथनी स्वच्छ. शेवटचा, सेल्वीचा खळगा बघता बघता हळदीसारखा झाला. हाच रंग मिसळून आम्ही मशीनला 'काही नाही' शिकवलं होतं.

दाराबाहेर सेल्वी ऑटोक्लेव्हपाशी उभी होती. प्रेशर कुकरसारखं ते मोठं भांडं असतं, त्यात सामान वाफवून निर्जंतुक करायचं. ती काहीतरी गुणगुणत टेस्ट ट्यूब रचत होती. पस्तिशीची, काटक, केसांत मोगऱ्याचा तुकडा. मी काचेतून तिच्याकडे बघत राहिले. त्या क्षणी मला तिची भीती वाटली. हे लिहायला लाज वाटते, पण वाटली. काहीतरी या बाईच्या आत येऊन गेलंय, रोज आपल्याला कॉफी आणून देणाऱ्या बाईच्या, आणि कोणाला पत्ता नाही.

मी तिला स्टोअरमध्ये बोलावलं. तमिळ मला भाजीवालीशी भांडण्याइतकं नक्की येत होतं.

"सेल्वी, तुझं गाव कुठलं?"

"वेलचेरी, मॅडम. तलावाच्या पलीकडे."

"ते राहायचं. मूळ गाव?"

हातातल्या फडक्याची तिने चारदा घडी घातली. मग तिने नाव सांगितलं. तेच गाव. आमच्या फ्रीझरमध्ये ज्याचे डबे भरून होते ते.

"माझं नाव तिथे कोणाला सांगू नका अम्मा," ती म्हणाली. एरवी ती मला मॅडम म्हणायची.

मग तिने सांगितलं ते असं. नऊ वर्षांपूर्वीचा उन्हाळा. गावात गुरांच्या खाली अंथरायला बायका डोंगरातून वाळका पाला आणत. त्या उन्हाळ्यात बऱ्याच घरांत ताप आला. सेल्वीचा दीर गेला. तिची सहा वर्षांची मुलगी नवव्या दिवशी तिच्या मांडीवर गेली. शेजारची दोन माणसं गेली. सेल्वीने सगळ्यांचं केलं. रक्ताचे कपडे धुतले, तोंडात पाणी घातलं. तिला साधी शिंकसुद्धा आली नाही.

"सासू म्हणाली, जी एवढं करूनही पडत नाही, तीच त्याला बोलावते. सगळ्यांना पटलं. मी रस्त्याने निघाले की दारं लागायची. नवऱ्याने बसमध्ये बसवून दिलं. म्हणाला, तू असेपर्यंत गावात मरण राहील."

"आणि तू निघालीस?"

"मलाही पटलं होतं अम्मा."

तिच्या खांद्यावर हात ठेवायचा तर मघाशी वाटलेली भीती आठवली आणि स्वतःचाच संताप आला. शेवटी विचारलं, "मग फॉर्मवर सगळ्यांनी 'ताप नाही' का लिहिलं?"

"त्या तापाचं नाव तोंडून काढलं की तो फिरून येतो. कोणी सांगणार नाही. विचारू नका. दारातली कोलम बघा."

राव सरांनी रिपोर्ट परत मागवला. फोनवर आरोग्य खात्याचे साहेब चिडले, तेव्हा सर इंग्रजीत एवढंच म्हणाले, "आमची चूक आहे. तुमची होण्याआधी दुरुस्त करतो." फोन ठेवून मला म्हणाले, "बाई, तुम्ही सांगलीकडचे लोक फार शंका घेतां. चांगलें आहे."

चार दिवसांनी आम्ही त्या गावात होतो. डोंगर अगदी घरांच्या पाठीला लागलेला. दुपार होती, तरी रस्त्यावर माणूस नव्हतं. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. तमिळ गावात प्रत्येक दारापुढे सकाळी सडा घालून कोलम काढतात, आपल्या रांगोळीसारखी, तांदळाच्या पिठाची. रोज, न चुकता. घरात मृत्यू झाला तर काही दिवस काढत नाहीत, मग पुन्हा सुरू. मी चालत गेले. एक दार कोलमचं, दुसरं कोलमचं, तिसरं कोरं. पुढे दोन कोलमची, मग एक कोरं. कोरी दारं नुकती कोरी झालेली नव्हती. सडा रोजचा होता, माती चोपून गुळगुळीत केलेली होती, फक्त पांढरी रेघ नव्हती. त्या घरांत माणसं राहत होती, पण त्यांचं सुतक नऊ वर्षं फिटलेलं नव्हतं. एका कोऱ्या दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती.

"पाट्टी, तुमच्या घरात कधी ताप आला होता?" मी विचारलं. पाट्टी म्हणजे आजी.

"नाही," ती म्हणाली. खाली उंबऱ्यापुढच्या कोऱ्या मातीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

सगळ्यांनी नाहीच म्हटलं, आणि सगळ्यांनी दंड पुढे केला. रक्त द्यायला त्यांची हरकत नव्हती, बोलायला होती. मी दारांचा नकाशा काढून घेतला. मला वाटत होतं, कोऱ्या दारांची माणसं पिवळी निघतील, बाकीची स्वच्छ.

चेन्नईत आल्यावर सेल्वीला वगळून आम्हा चौघांच्या सीरमचा नवा कंट्रोल केला आणि प्लेट लावल्या. कोऱ्या दारांची पिवळी निघाली. कोलमच्या दारांचीही निघाली. सेल्वीच्या म्हणण्याप्रमाणे ज्यांच्या घरात कोणी मेलं नव्हतं, कोणी आजारी पडलं नव्हतं, त्या घरांतलेही किती तरी. पाल्याच्या भाऱ्याशी ज्यांचा म्हणून संबंध आला होता, त्यांच्यापैकी बहुतेक. त्या उन्हाळ्यात किंवा त्याच्या आगेमागे ते सगळ्या गावाच्या अंगातून गेलं होतं. थोड्यांना मारलं. बाकीच्यांना त्याने नुसतं ओलांडलं आणि त्यांना ते कळलंही नाही. मी नकाशावर पिवळ्या पेन्सिलीने खुणा करत होते आणि शेवटी पेन्सिल खाली ठेवली. कागदावर पांढरी जागा फार उरली नव्हती.

सेल्वीला मी सगळं समजावलं. हा ताप माणसाकडून माणसाला जात नाही. गोचिडीकडून येतो, गोचीड पाल्यात असते. तुला होऊन गेला, तुझ्या शरीराने परतवला. तू बोलावला नाहीस.

ती म्हणाली, "पाला मीच आणला होता त्या दिवशी. मुलगी बरोबर होती."

"सगळं गाव आणत होतं सेल्वी."

"हो," ती म्हणाली. मग तिने विचारलं, हे कागदावर मिळेल का, तमिळमध्ये, शिक्का मारून? सर्वेच्या कामात आम्ही एकेकट्याला लेखी रिपोर्ट देत नाही. पण सेल्वी सर्वेतली नव्हती, स्टाफमधली होती. राव सरांनी कल्याणीकडून कागद लिहून घेतला, दोनदा वाचला आणि लॅबचा गोल शिक्का इतक्या जोरात मारला की टेबल हललं. सेल्वीने तो कागद माझ्याच हातात ठेवला. "सासूला द्या. अत्तैला."

तिने घर सांगितलं तेव्हा नकाशावरून कळलं, तिची सासू म्हणजे तीच तांदूळ निवडणारी म्हातारी.

गावात मीटिंग झाली. पाला आणायचा तर अंगाला तेल लावा, लांब बाह्यांचे सदरे घाला, गुरांची गोचीड हाताने चिरडू नका, ताप आला तर लपवू नका, एवढं सरांनी सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. प्रश्न एकही नाही. मीटिंगनंतर म्हातारी जीपपाशी आली. कल्याणीने तिला तो कागद वाचून दाखवला. सेल्वीचं नाव ऐकल्यावर तिचा चेहरा जराही हलला नाही.

"माझं रक्तही नेलं होतंत," ती म्हणाली. "माझ्यात आहे का ते?"

स्वतःचा रिझल्ट मागायचा तिला हक्क होता. मी सांगितलं, "आहे पाट्टी. घाबरू नका. जुनं आहे. आता काही होणार नाही."

"मुलगा गेला, नात गेली. मीही उशाशीच होते."

"हो."

"मी पडले नाही."

"नाही पडलात."

"मग मीच बोलावलं असेल."

मी घाईघाईने म्हणाले, कोणी बोलावलं नाही पाट्टी, गोचीड असते, पाला असतो, कागदावर तेच लिहिलंय. सरांनी सांगितलं, कल्याणीने सांगितलं. म्हातारीने मान हलवली. कागदाची घडी कनवटीला खोचून ती गेली. मला वाटलं, समजली.

महिन्याभराने तिथल्या नर्सचा फोन आला. म्हातारी मागच्या गोठ्यात राहायला गेली होती. आपलं आपण शिजवून खात होती. धाकट्या मुलाच्या पोरांना जवळ येऊ देत नव्हती, विहिरीवर सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर जात होती. कोणी तिला हाकललं नव्हतं. तिने तो कागद गावात कोणाला दाखवलाही नव्हता. तिने फक्त आपला जुना नियम स्वतःला लावला होता.

मी ते सेल्वीला सांगायला नको होतं, असं अजून कधी कधी वाटतं. पण ती विचारायची, कागद पोचला का, अत्तै काय म्हणाली. खोटं किती दिवस बोलणार? सांगून टाकलं. ती रॅक उचलून आत गेली. त्या दिवशी ती गुणगुणली नाही. मला वाटलं, मनातून बरं वाटलं असेल तिला. नऊ वर्षं हिने भोगलं, आता तिने भोगावं. मला वाटलं असतं.

सोमवारी सकाळी राव सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक अर्ज पुढे सरकवला. सेल्वीचा रजेचा अर्ज. आठ दिवसांची रजा, ठिकाण म्हणून तेच गाव. रजेचं कारण लिहायच्या ओळीवर तिने तमिळमध्ये काही लिहिलं होतं. मला तमिळ वाचता येत नाही.

"काय लिहिलंय सर?"

सर चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "सासू गोठ्यांत एकटी आहे. तिच्याजवळ बसायला कोणी नाहीं."

सरांनी रजा मंजूर केली. आठाचे पंधरा दिवस स्वतःच केले.

नंतर मी अनेकांना टेस्ट कशी लावायची ते शिकवलं. निरोगी माणसाचं रक्त घेताना तब्येतीआधी त्याचं गाव विचारा, हे आवर्जून सांगते. ते सगळे लिहून घेतात. दुसरंही एक सांगते, ते कोणी लिहून घेत नाही: रिझल्ट दिल्यावर लगेच उठू नका, माणूस त्याचं काय करतो ते बघून मग उठा.